‘अर्धसत्य’ आणि आपल्या टाळ्या

गेल्या वर्षी पदवीच्या शेवटच्या वर्गातील विद्यार्थ्यांना मी ‘अर्धसत्य’ हा चित्रपट दाखविला. अभ्यासक्रम इंग्रजी वाङ्मयाचा. त्यांत एका हिंदी चित्रपटाचे काय काम, असे कोणी विचारील. परंतु शोकांतिकेच्या नायकाविषयी ॲरिस्टॉटल काय म्हणतो हे वर्गात चार तास सांगूनही जे मुलांच्या गळी उतरत नाही, ते फौजदार अनंत वेलणकर दोन-सव्वादोन तासांत उतरवितो, असा माझा अनुभव आहे. मुले बहुतेक डोंबिवली, कल्याण, बदलापूर, मुंब्रा अशा ठिकाणांहून सकाळच्या गाडीला लोंबकळत ठाण्यास येणारी. त्यांच्या जन्माआधी कितीतरी वर्षे निघालेला हा चित्रपट त्यांना कंटाळवाणा वाटेल की काय, ही माझी भीती पहिल्या अर्ध्या तासातच फोल ठरली.

बसमध्ये एका टवाळाला वेलणकर बडवू लागताच वर्गात टाळ्या पडल्या. शेवटी रामा शेट्टीचा गळा त्याच्या हातांत सापडला तेव्हा त्याहून मोठ्या पडल्या. ह्या दोहोंच्या मध्ये एक प्रसंग आहे. रेडिओ चोरल्याचा आळ असलेल्या एका भुरट्या चोराला वेलणकर दारूच्या धुंदीत, कोठडीत, मरेस्तोवर मारतो. त्या वेळी वर्ग स्तब्ध होता. खेळ संपल्यावर मी सहज विचारले, ‘त्या चोराचे नाव काय?’ एकालाही ते सांगता आले नाही. खरे सांगावयाचे तर मलाही आले नसते. आणि हा चित्रपट मी आजवर सात-आठ वेळा तरी पाहिला आहे. प्रस्तुत लेख त्या प्रश्नातून निघाला आहे.

ज्यांनी चित्रपट पाहिला नसेल, किंवा पाहून बरीच वर्षे लोटली असतील, त्यांच्याकरिता कथानक थोडक्यात सांगणे भाग आहे. अनंत वेलणकर मुंबईच्या पोलीस दलात फौजदार. त्याला पुढे शिकावयाचे होते. पण पोलीस खात्यातच हयात घालविलेल्या बापाने त्याला बळेच ह्या नोकरीत ढकलले. ज्योत्स्ना गोखले ही महाविद्यालयात शिकविणारी तरुणी त्याच्या आयुष्यात येते. तो रामा शेट्टी नावाच्या गुंडाच्या माणसांना पकडतो, एका आमदाराच्या पोसलेल्या दांडगटांना चोप देतो, आणि मग त्याची नोकरी वाचविण्यासाठी त्याचा वरिष्ठ हैदर अली दिल्लीपर्यंत हात पोचलेल्या एका मध्यस्थाकरवी प्रकरण मिटवितो. प्रामाणिक माणसाचा प्रामाणिकपणा शाबूत राखण्यासाठी अप्रामाणिक खटपट करावी लागते, हा पहिला टोला. पुढे जीव धोक्यात घालून एका दरोडेखोराला धरले, तर श्रेय दुसऱ्याच अधिकाऱ्याला. शेट्टीविरुद्ध मरणोन्मुख माणसाची जबानी मिळाली म्हणून त्याला पकडावयास जावे, तर शेट्टी टेलिफोन फिरवितो आणि वरून आलेल्या हुकमाने फौजदाराला हात हलवीत परत यावे लागते. मग दारू, मग त्या चोराचा मृत्यू, निलंबन, आणि आता वाचवील तर शेट्टीच वाचवील, ह्या सल्ल्यावरून शेट्टीची पायरी. शेट्टी तोवर नगरपालिकेच्या निवडणुकीस उभा राहिलेला असतो. तो वेलणकरला आपल्या पदरी येण्यास सुचवितो, आणि वेलणकर त्याचा गळा दाबतो.

चित्रपट १९८३ सालचा. दिग्दर्शक गोविंद निहलानी कराचीत जन्मलेले, मुख्य नट ओम पुरी अंबाल्याचे, भाषा हिंदी. तरीही तो मी मराठी वाङ्मयाच्याच खाती जमा धरतो. मूळ कथा ‘सूर्य’ ही श्री. दा. पानवलकरांची, पटकथा विजय तेंडुलकरांची, संवाद वसंत देवांचे, आणि ज्या कवितेवरून चित्रपटास नाव मिळाले ती दिलीप चित्रे ह्यांची. पानवलकर कस्टम्स खात्यात नोकरीस होते. गणवेशाखालच्या माणसाची त्यांची ओळख ऐकीव नव्हती. रामा शेट्टीचे काम करणारे सदाशिव अमरापूरकर नगरचे, मराठी रंगभूमीवरून आलेले; आवाज न चढविता, जवळजवळ आळसावल्यासारखे बोलून त्यांनी जी दहशत उभी केली तिची नक्कल पुढे पुष्कळांनी केली, पण ती साधली थोड्यांना.

काळही ध्यानात घेतला पाहिजे. १९८२ च्या जानेवारीत मुंबईत दोन गोष्टी घडल्या. ११ तारखेस वडाळ्यास मन्या सुर्वे पोलिसांच्या गोळीने मेला, आणि ‘एन्काउंटर’ हा शब्द आमच्या घरांत वर्तमानपत्राच्या वाटेने शिरला. १८ तारखेस गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. त्याच वर्षीच्या ऑगस्टात तर खुद्द पोलीस शिपायांनीच बंड केले आणि सैन्याला रस्त्यावर यावे लागले. चंद्रपूर जिल्ह्यात पोलीस ठाण्याच्या आवारात मथुरा नावाच्या आदिवासी मुलीवर १९७२ साली झालेल्या अत्याचाराचा खटला सर्वोच्च न्यायालयात १९७९ साली आरोपींच्या सुटकेत संपला होता. त्यावरून उसळलेल्या असंतोषामुळे कायद्यात दुरुस्ती झाली ती नेमकी १९८३ साली. म्हणजे कोठडीच्या भिंतीआड काय होते, हा प्रश्न त्या वेळी हवेतच होता. निहलानी-तेंडुलकरांनी तो पडद्यावर आणला.

आणला कसा, ह्याविषयी थोडे सांगितले पाहिजे. अमेरिकेत दुसऱ्या महायुद्धाच्या सुमारास गुन्हेगारीवरचे जे सावल्यांनी भरलेले, कडू चवीचे चित्रपट निघू लागले त्यांना नीनो फ्रांक ह्या फ्रेंच टीकाकाराने १९४६ साली ‘फिल्म न्वार’, म्हणजे काळा चित्रपट, असे नाव दिले. निहलानी मुळात छायालेखक. गुरुदत्तांच्या चित्रपटांना ज्यांनी ते अजोड काळोख-उजेड दिले त्या व्ही. के. मूर्तींच्या हाताखाली त्यांनी उमेदवारी केली होती. त्यामुळे अंधार कसा वापरावा हे त्यांना परदेशातून शिकण्याची गरज नव्हती. पण ‘अर्धसत्या’तील खरा काळोख मला दिव्यांच्या मांडणीत दिसत नाही. तो आहे वेलणकरच्या लहानपणीच्या घरात. बाप आईला मारतो आहे आणि पोरगा नुसता पाहतो आहे, एवढेच ते दृश्य. अमरीश पुरींनी हा बाप असा काही उभा केला आहे की म्हातारपणी तो खेड्यातल्या घरी नुसता बसलेला असला तरी त्याचा हात आता उठेल की काय असे वाटत राहते. पुढे वेलणकर ज्याला ज्याला मारतो त्या प्रत्येकाच्या पाठीवर मला ह्या बापाच्या हाताचे वळ दिसतात. मुलगा बापाचा तिरस्कार करतो. हात मात्र बापाचाच आहे.

आणि येथेच ‘भ्रष्टाचार’ ह्या शब्दाकडे वळावयास हवे. पोलिसांच्या भ्रष्टाचारावरचा चित्रपट, असे ह्याचे वर्णन सर्रास केले जाते. परंतु वेलणकर एक पैसा खात नाही. ‘भ्रष्ट’ ह्याचा मूळ अर्थ पडलेला, आपल्या जागेवरून घसरलेला. पैसा त्यांत मागाहून आला. पैसे खाणारा पोलीस ओळखू येतो, त्याला नावे ठेवता येतात. पैसे न खाणारा पण हात उचलणारा पोलीस मात्र आपणांस आवडतो; आणि त्याचे घसरणे आपल्या ध्यानातच येत नाही, कारण प्रत्येक पायरीवर आपण त्याच्या बाजूस उभे असतो. बसमधला टवाळ मार खातो तेव्हा ‘बरे झाले’ म्हणणारे आपणच. झोपडपट्टीतल्या बायकांना त्रास देणारे गुंड चोपले जातात तेव्हाही आपणच. तोच हात, तोच राग, तीच कोठडी. फक्त एके रात्री पुढ्यात एक क्षुल्लक, दुबळा माणूस असतो. शेट्टीवरचा, बापावरचा, वरिष्ठांवरचा सगळा राग त्याच्या अंगावर कोसळतो. तेंडुलकरांची थोरवी ही की, हा चोर प्रेक्षकाला आवडावा म्हणून त्यांनी काहीही केलेले नाही. त्याला गाणे नाही, लहान मूल नाही, निरागस डोळे नाहीत.

हिंसेकडे पाहण्याची ही दृष्टी तेंडुलकरांना एकाएकी सुचलेली नव्हती. ‘घाशीराम कोतवाल’ १६ डिसेंबर १९७२ रोजी रंगभूमीवर आले त्याला तेव्हा अकरा वर्षे होत आली होती. तेही एका पोलीस अधिकाऱ्याचेच नाटक. इतिहासातला घाशीराम १७९१ साली पुणेकरांच्या दगडांखाली मेला, तो त्याच्या बंदिस्त जागेत कोंडलेले वीसांहून अधिक तेलंग ब्राह्मण गुदमरून मेल्यामुळे. कोठडीतला मृत्यू हा काही इंग्रजांनी आपल्याबरोबर आणलेला रोग नव्हे, हे त्यावरून कळते. नाटकात घाशीराम ठेचला जातो आणि प्रेक्षक सुस्कारा टाकणार, इतक्यात नाना पुढे येऊन उत्सव जाहीर करतो! घाशीराम घडविणारा जिवंत आहे, हसतमुख आहे, हे प्रेक्षकाला घरी घेऊन जावे लागते. नाटककार त्याला सुस्कारा टाकू देत नाही.

‘अर्धसत्या’त नाना कोठे आहे? तो टेलिफोनच्या पलीकडे आहे. ज्या हुकमाने वेलणकर शेट्टीच्या दारातून परत फिरतो तो हुकूम ज्या सत्तेचा, ती सत्ता वेलणकरच्या हाताच्या टप्प्यात कधीच येत नाही. ही कल्पना मला फार मोलाची वाटते. शेट्टी हे नुसते टोक आहे, दोरी दूरवर गेली आहे, हे त्या एका टेलिफोनने सांगितले जाते. पण मग शेवटी काय होते? शेट्टीचा गळा दाबला जातो, आणि प्रेक्षक टेलिफोन विसरतो. नानाची आठवण देण्यास कोणी पुढे येत नाही. ज्या लेखकाने १९७२ साली प्रेक्षकांची टाळी हातातल्या हातात गोठविली, त्याच्याच पटकथेने १९८३ साली ती मोकळी केली, असे म्हटल्यावाचून मला राहवत नाही.

ह्या ठिकाणी फ्रिट्झ लांग ह्यांच्या ‘द बिग हीट’ ह्या १९५३ सालच्या अमेरिकन चित्रपटाची आठवण होते. तेथेही प्रामाणिक पोलीस आहे, शहर विकत घेतलेला गुंड आहे, आणि वरिष्ठांची मिंधी मने आहेत. नायक बॅनियन ह्याची बायको मोटारीतील स्फोटात मरते. तो बिल्ला टाकून देऊन सूडास निघतो. एका प्रसंगी त्याचे हात एका कारस्थानी बाईच्या गळ्यापर्यंत पोचतात, पण काम पुरे होत नाही. ते काम पुढे एक दुसरीच स्त्री, गुंडाने जिचा चेहरा उकळत्या कॉफीने भाजून टाकला ती डेबी, पिस्तुलाने उरकते आणि त्यापायी अखेरीस स्वतःही जिवाला मुकते. बॅनियन मात्र स्वच्छ हातांनी आपल्या टेबलाशी परत येतो. लांगचे कौशल्य मोठे, पण ही तडजोड मला नेहमी खटकत आली आहे. वेलणकरला निहलानींनी अशी पळवाट दिलेली नाही. त्याचे हात त्याचेच राहतात, आणि ओम पुरींच्या त्या खडबडीत, घाम आलेल्या चेहऱ्यावर त्याची पुरी किंमत दिसते. ह्या भूमिकेसाठी त्यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, कार्लोव्ही व्हारीच्या महोत्सवातही गौरव झाला. तो सर्वथा योग्यच होता. तेव्हा दोहोंत ‘अर्धसत्य’ अधिक धीट, ह्यात मला शंका नाही. माझी तक्रार त्याच्या शेवटाशी आहे, तीही तो शेवट फार परिणामकारक आहे म्हणून.

आता एक घरगुती गोष्ट. ती सांगावी की न सांगावी ह्याविषयी मी बराच घोळ घातला.

१९८४ च्या सुमारास आम्ही डोंबिवलीस एका चाळीत राहत होतो. मी तेव्हा शाळेत होतो. एका पहाटे जिन्याखालची सायकल नेताना एक माणूस सापडला. तिशीचा असेल. चाळ जागी झाली. त्याला नळाच्या खांबाशी बांधले आणि कामावर जाण्यापूर्वी जो तो येऊन आपला हात मोकळा करून गेला. बँकेतले होते, शाळेतले होते, सचिवालयात जाणारे होते. माझे वडील रोज संध्याकाळी ज्ञानेश्वरी वाचीत आणि मुंगी पायाखाली येऊ नये म्हणून जपत. त्यांनीही दोन लगावल्या. मग कोणीतरी मला म्हणाले, ‘तू पण दे एक.’ मी दिली. पुढे पोलीस आले आणि त्याला घेऊन गेले. त्याचे नाव कोणी विचारले नाही. त्याचे पुढे काय झाले हेही आमच्यापैकी कोणास कळले नाही. सात अठ्ठावनची गाडी मात्र त्या दिवशी पुष्कळांची चुकली, आणि त्याची चर्चा आठवडाभर झाली.

चार वर्षांनी, महाविद्यालयात असताना, एका चित्रगृहात सकाळच्या खेळाला मी ‘अर्धसत्य’ प्रथम पाहिला. शेवटी मीही उभा राहून टाळ्या पिटल्या. नळाचा खांब मला त्या वेळी आठवला नाही. तो आठवावयास मध्ये पंचवीस वर्षे जावी लागली.

मध्यंतरीच्या काळात पडद्यावरील पोलीस कोठल्या कोठे गेला. एन्काउंटर करणाऱ्या अधिकाऱ्यांचे चित्रपट आले, मग मोटारी हवेत उडविणारा बाजीराव सिंघम २०११ साली आला. २०२३ साली मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती गौतम पटेल ह्यांनी एका भाषणात, असे चित्रपट धोक्याचा संदेश देतात, असे उघड म्हटले. कित्येकांस ते बोलणे अतिरेकी वाटले. मला ते उशिराचे वाटले. सिंघमाला ज्या टाळ्या मिळतात त्यांचा सराव आपल्या हातांना त्यापूर्वीच झालेला होता. आणि खेदाची गोष्ट ही की, तो सराव काही अंशी एका थोर चित्रपटानेही करून दिला.

हे निव्वळ पडद्यापुरते असते तर मी इतके लिहिले नसते. २०२४ च्या ऑगस्टात बदलापुरात एका शाळेत चिमुरड्या मुलींवर झालेल्या अत्याचाराची बातमी फुटली; लोक संतापाने रुळांवर उतरले, आणि तो संताप अगदी योग्य होता. २३ सप्टेंबर रोजी त्या प्रकरणातील आरोपी मुंब्रा बायपासवर पोलिसांच्या गाडीत गोळी लागून मेला. त्याने पिस्तूल हिसकावून गोळी झाडली म्हणून आम्ही प्रत्युत्तर दिले, असे पोलिसांचे म्हणणे. बदलापुरात पेढे वाटले गेले, फटाके वाजले. पुढे २०२५ च्या जानेवारीत न्यायदंडाधिकाऱ्यांच्या चौकशीचा अहवाल उच्च न्यायालयापुढे आला. त्या मृत्यूस गाडीतील पाच पोलीस जबाबदार असल्याचा निष्कर्ष त्यांत होता. अटक केलेल्या माणसाला कसे वागवावे ह्याविषयीचे सर्वोच्च न्यायालयाचे नियम १९९६ पासून अस्तित्वात आहेत. माझ्या वर्गात बदलापूरची मुले आहेत. त्यांच्या घरांत त्या दिवशी काय झाले ते मी विचारले नाही. त्या आरोपीविषयी मला काडीचीही सहानुभूती वाटत नव्हती, हे मी येथे लपवीत नाही. पण खटला चालला असता तर त्या मुलींच्या बाजूने जे सत्य न्यायालयात पुरते सिद्ध व्हावयाचे, ते आता कधीच होणार नाही; अर्धेच राहिले. पेढे वाटणाऱ्यांनी त्या बदल्यात काय गमावले ह्याचा हिशेब अजून कोणी मांडलेला माझ्या पाहण्यात नाही.

‘अर्धसत्य’ म्हटले की आपणांस धर्मराज आठवतो. अश्वत्थामा मेल्याचे त्याने सांगितले, आणि जमिनीपासून चार बोटे वर चालणारा त्याचा रथ खाली टेकला. चित्र्यांच्या कवितेत चक्रव्यूह आहे, तराजूही आहे. ज्योत्स्नेने दिलेल्या पुस्तकातून वेलणकर ती वाचतो तेव्हा आपण अभिमन्यूच्या बाजूने कान देऊन ऐकतो. पण अभिमन्यूच्या हातून कोठडीत कोणी मेला नव्हता. मला वाटते, वेलणकरची जात धर्मराजाची: खरे बोलण्याची ज्याची ख्याती, त्याचेच अर्धे बोलणे जास्त घातक. हे मत सर्वांस पटेल अशी माझी अपेक्षा नाही. स्मिता पाटलांची ज्योत्स्ना मात्र चित्रपटात हे सर्वांच्या आधी ओळखते. पोलिसाच्या हाताविषयीची तिची अढी सुटत नाही आणि ती दूर होते. प्रेक्षकांत तिच्याविषयी नेहमी कुरकुर होते, की ऐन वेळी तिने त्याला सोडले. माझ्या वर्गातही झाली. बडतर्फ होऊन दारूत बुडालेला माईक लोबो नसीरुद्दीन शाह ह्यांनी काळजाला हात घालील असा रंगविला आहे; त्याच्याविषयी कोणी कुरकुर करीत नाही.

शेवटच्या प्रसंगाविषयी एकच गोष्ट राहिली. शेट्टीला मारून वेलणकर ठाण्यात येतो आणि आपण त्याला मारल्याचे सांगून टाकतो. ही कबुली ऐकून आपणांस त्याच्याविषयी आदर वाटतो, आणि तो वाटावा अशीच दिग्दर्शकाची योजना आहे. परंतु ही कबुली कोणत्या मृत्यूची? ज्या मृत्यूबद्दल प्रेक्षकांनी त्याला आधीच क्षमा केली आहे, त्या मृत्यूची. चोराच्या मृत्यूतून सुटका व्हावी म्हणून तर तो शेट्टीच्या दारी गेला होता. शेट्टीने दाम थोडा कमी सांगितला असता, बोलणे थोडे कमी लागट केले असते, तर काय झाले असते? वेलणकर सुटून घरी आला असता, आणि रेडिओचे प्रकरण मिटले असते. ह्या शक्यतेपाशी चित्रपट क्षणभरही थांबत नाही. तो थांबावा इतकी ताकद त्याच्या अंगी नव्हती असे मी म्हणणार नाही. ती होती, म्हणूनच चुटपुट लागते.

खेळानंतर आठ दिवसांनी वर्गातली एक मुलगी खोलीवर आली. तिचे वडील पोलीस दलात हवालदार आहेत. तिने घरी जाऊन त्यांना चोराचे नाव विचारले होते. त्यांनी चित्रपट तरुणपणी पाहिलेला. नाव त्यांनाही आठवले नाही. ‘पण ते म्हणाले, सर, की ठाण्याच्या डायरीत ते लिहिलेले असणारच, नाव लिहिल्याशिवाय कोणाला आत घेताच येत नाही.’ एवढे सांगून तिने चित्रपट पुन्हा एकदा पाहावयास मागितला, फक्त तेवढ्या भागापुरता. मी कपाटाची किल्ली तिच्या हाती दिली.